द्वारसंवेदक सुरक्षायंत्रणा

मनोरुग्णालयात अथवा सर्वसाधारण रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखल असलेल्या रुग्णाने तीव्र मनस्तापाच्या भरात स्वतःच्या जिवास अपाय करून घेऊ नये, या हेतूने शयनकक्षाच्या वा स्नानगृहाच्या दारात बसविलेली आणि दारावर पडणारा अस्वाभाविक भार ओळखून परिचारिकांना तत्काळ इशारा देणारी विद्युत्-यंत्रणा. तिचा संबंध रुग्णाच्या प्रत्यक्ष उपचाराशी नसून त्याच्या निवासाच्या सुरक्षिततेशी आहे. आत्मघाताची ऊर्मी पुष्कळदा अल्पजीवी असते, आणि तेवढा काळ साधन हाती लागले नाही किंवा मदतीस धावणारे माणूस वेळेवर पोहोचले, तर जीव वाचण्याचा व पुढे उपचाराने सावरण्याचा संभव पुष्कळच वाढतो, या अनुभवसिद्ध तत्त्वावर तिची उभारणी झालेली आहे.

रुग्णकक्षातील खाट, कपाट, पडदे, नळ यांची रचना निर्धोक करता येते; दाराचे तसे नाही. ते हलले पाहिजे, मिटले पाहिजे, आगीच्या वेळी ज्वाळा व धूर अडवून धरण्यास समर्थ असले पाहिजे, आणि या प्रत्येक गरजेपायी त्याला कडा, बिजागऱ्या, मूठ व कुलूप हे अवयव येतातच. म्हणूनच कक्षातील इतर सामान बदलून झाल्यावरही धोक्याचे स्थान म्हणून दार शिल्लक राहते, आणि जेथे रचना बदलून भागत नाही तेथे संवेदकाची योजना करावी लागते.

यंत्रणेच्या साध्या प्रकारात दाराच्या वरच्या कडेवर दाब ओळखणारी एक पट्टी बसविलेली असते. अधिक प्रगत प्रकारात दाराच्या इतर कडा व बिजागऱ्यांकडील भागही संवेदनक्षम केलेले असतात. ठरविलेल्या मर्यादेपलीकडे भार पडताच संकेत दाराच्या चौकटीतून नेलेल्या तारेवाटे नियंत्रकाकडे जातो, परिचारिका-कक्षातील फलकावर त्या खोलीचा क्रमांक उजळतो, आणि बहुधा दाराबाहेरील दिवा व घंटा यांचीही जोड त्यास दिलेली असते. कोणत्या खोलीत जावयाचे याचा शोध घेण्यात वेळ दवडता येत नसल्यामुळे स्थानाचा असा नेमका निर्देश हा या यंत्रणेचा प्राण होय. चांगल्या यंत्रणेतील घंटा दूर टेबलाशी बसून बंद करता येत नाही. कर्मचाऱ्याला त्या दारापर्यंत जाऊन, आत पाहून, तेथेच किल्ली फिरवावी लागते. तार तुटली वा संवेदक निकामी झाला, तर त्याचीही वर्दी आपोआप मिळावी आणि वीज गेल्यास बॅटरीवर काम चालू राहावे, अशी तजवीज असणे अगत्याचे असते.

संवेदकाची तीव्रता ठरविणे हे या शास्त्रातील सर्वांत नाजूक काम आहे. ती फार ठेवली तर दारावर टाकलेला ओला टॉवेल किंवा जोराने आपटलेले दारही घंटा वाजविते; कमी ठेवली तर यंत्रणा असूनही नसल्यासारखी. वारंवार वाजणाऱ्या खोट्या इशाऱ्यांनी कर्मचाऱ्यांचे मन बधिर होते आणि खऱ्या प्रसंगी पाऊल मंदावते, हा दोष रुग्णालयांतील सर्वच इशारायंत्रणांत दिसून आलेला आहे. यास्तव प्रत्येक दाराची नियमित चाचणी, तिची नोंदवहीत केलेली नोंद आणि प्रत्येक खोट्या इशाऱ्याच्या कारणाची चौकशी या गोष्टींत हयगय होता कामा नये. यंत्र खरेदी करण्यास एकदाच मंजुरी लागते. ही देखरेख मात्र इमारत उभी आहे तोवर चालवावी लागते, आणि अंदाजपत्रकात तिचीच तरतूद सर्वांत आधी विसरली जाते.

संवेदक हा दाराच्या सुरक्षेतील एक घटक होय. उतरत्या आकाराची मूठ, वरपासून खालपर्यंत अखंड असलेली बिजागरी, स्नानगृहासाठी फोमचे मऊ व सहज निघून येणारे दार, आणि रुग्णाने आतून अडथळा उभा केल्यास बाहेरच्या बाजूसही उघडता येणारे कवाड या योजना त्याच्या जोडीने केल्या जातात. तारा नेण्यासाठी दारास वाटेल तशी छिद्रे पाडल्यास त्याची अग्निरोधक क्षमता नष्ट होऊ शकते. म्हणून सुरक्षेचा व अग्निशमनाचा विचार एकाच आराखड्यात करावा लागतो.

या विचाराची मुळे विजेच्या युगाहून जुनी आहेत. इंग्लंडातील यॉर्क येथे विल्यम ट्यूक यांच्या पुढाकाराने १७९६ साली सुरू झालेल्या 'रिट्रीट' या मनोरुग्णांच्या संस्थेत खिडक्यांच्या चौकटी लोखंडाच्या, परंतु दिसण्यात साध्या लाकडी चौकटींसारख्या केलेल्या होत्या. रुग्णाचे रक्षण व्हावे, पण आपण तुरुंगात आहोत असे त्यास वाटू नये, हा त्यामागील कळवळा होता. पुढे १८३९ पासून इंग्लंडातीलच हॅनवेल येथील मनोरुग्णालयात जॉन कोनोली यांनी साखळदंड व बंधपट्टे यांचा वापर बंद केला. शरीरावरील बंधन काढल्यावर संरक्षणाची जबाबदारी इमारतीवर व माणसांवर येते, आणि आजचा द्वारसंवेदक याच परंपरेत बसतो.

अर्वाचीन काळात ब्रिटनच्या आरोग्यसेवेने भार पडताच निखळणारे पडद्यांचे दांडे मनोविकार विभागांत सक्तीचे केले. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २००७ पासून मनोविकार विभागांच्या वास्तूची पद्धतशीर तपासणीसूची अमलात आली. तिच्या परिणामाचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, दर १,००,००० दाखल रुग्णांमागे आत्महत्येचे प्रमाण २.६४ वरून ०.८७ वर आले. हे यश संपूर्ण सूचीचे आहे. त्यातील दाराचा वाटा वेगळा काढून दाखविता येत नाही, आणि यंत्रविक्रेत्यांनी हा आकडा केवळ आपल्या संवेदकाच्या नावे मांडला तर तो मान्य करू नये. २०१७ साली अमेरिकेतील 'जॉइंट कमिशन' या अधिस्वीकृती देणाऱ्या संस्थेने मनोविकार विभागांतील शयनकक्ष, स्नानगृहे व त्या दोहोंमधील जागा यांच्या निर्धोक रचनेविषयी शिफारशी केल्या, तेव्हापासून दाराकडे विशेष लक्ष वळले. सर्वसाधारण वॉर्डांत मात्र प्रत्येक खोली अशी घडविण्याची अपेक्षा तिने ठेवली नाही. तेथे धोक्यातील रुग्णाजवळ अखंड माणूस बसविण्यावर भर आहे.

माणसाच्या देखरेखीचा प्रश्न या विषयाच्या केंद्रस्थानी येतो. ठरावीक मिनिटांनी डोकावून जाण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. परंतु देखरेखीखाली असताना झालेल्या मृत्यूंचा जो अभ्यास ब्रिटनमधील मँचेस्टर विद्यापीठातील आत्महत्यांविषयीच्या राष्ट्रीय चौकशी प्रकल्पाने केला, त्यात बहुसंख्य मृत्यू याच खंडित देखरेखीच्या पद्धतीत घडल्याचे आढळले. याउलट अहोरात्र नजरेखाली राहणे रुग्णास अपमानास्पद वाटते, आणि कॅमेऱ्याने खोलीत लक्ष ठेवण्याच्या पद्धतीला संमती व खासगीपणा या मुद्द्यांवर आक्षेप घेतले गेले आहेत. द्वारसंवेदक कोणाचेही चित्र घेत नाही, बोलणे ऐकत नाही. तो केवळ भार जाणतो. आजारी माणसाला स्नानासाठी दार लोटून घेता यावे आणि त्या मिटलेल्या दारामागे त्याचा जीवही सुरक्षित राहावा, या दोन्ही गोष्टी एकत्र साधण्याचा प्रयत्न हेच या यंत्रणेचे खरे महत्त्व आहे. मात्र ती दारापुरतेच जाणते. खोलीतील इतर धोके, रुग्णाच्या मनाची अवस्था, त्याने सकाळी परिचारिकेजवळ बोलून दाखविलेली निराशा यांपैकी काहीही तिला कळत नाही. आणि रात्रपाळीस कर्मचारी अपुरे असतील तर तिने दिलेल्या इशाऱ्यास उत्तर देण्यास कोणी उरत नाही.

भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याच्या कलम २० ने रुग्णास सुरक्षित व स्वच्छ वातावरणाचा तसेच खासगीपणाचा हक्क दिला असून कलम ९७ ने एकांतकोठडीस मनाई केली व शारीरिक बंधन अन्य उपाय नसतानाच वापरण्याची मर्यादा घातली. कलम ११५ अन्वये आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने आत्महत्या-प्रतिबंधाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्याआधी ऑक्टोबरमध्ये 'टेलि-मानस' ही दूरध्वनी-सेवा (क्रमांक १४४१६) सुरू झाली होती. येथील सार्वजनिक मनोरुग्णालयांत सामायिक वॉर्डांची रचना प्रचलित असल्याने संवेदकांचा उपयोग प्रामुख्याने स्नानगृहे, शौचालये व वेगळ्या खोल्या यांपुरता संभवतो. जेथे निधी तुटपुंजा आहे तेथे प्रथम मुठी, बिजागऱ्या व पडद्यांचे दांडे बदलावेत, रात्रपाळीची माणसे वाढवावीत, आणि त्यानंतर संवेदकांकडे वळावे, हा क्रम अधिक हितावह ठरतो.