चिंतामणराव देशमुखांचा राजीनामा : एक पुनर्विचार

पालघर आणि बोईसर ही पश्चिम रेल्वेवरील स्थानके. तारापूर हे बोईसरच्या पश्चिमेचे समुद्रकाठचे गाव. 1956 साली हा पट्टा ठाणे जिल्ह्यात होता. पालघर हा स्वतंत्र जिल्हा 2014 मध्ये झाला. पट्ट्याचे दळणवळण मुंबईकडे वळलेले, भाषा मराठी. जानेवारी 1956 मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा येथील माणसाला आपल्या रुळांचे अखेरचे टोकच परक्या कारभाराखाली जाणार, असे दिसू लागले. या निर्णयाविरुद्ध केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे देशमुख हे मूळचे राजकारणी नव्हते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

त्यांचा जन्म 1896 साली महाडजवळच्या नाते येथे झाला. 1912 च्या मॅट्रिक परीक्षेत संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे सनदी सेवेतून ते 1939 मध्ये रिझर्व्ह बँकेत आले आणि 1943 मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. (मेघदूताचा मराठी पद्यानुवाद करणारा गव्हर्नर अन्यत्र क्वचितच सापडेल.)

त्यांच्या कारकिर्दीतील एक प्रकरण येथे मननीय आहे. फाळणीनंतर 30 जून 1948 पर्यंत रिझर्व्ह बँक हीच पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती. परस्परांवर अविश्वास असलेल्या दोन राष्ट्रांचे चलन एकाच संस्थेने सांभाळावयाचे, तर लिखित नियम आणि चोख हिशेब यांवाचून गत्यंतर नसते. भावनेने वाटणी होते. व्यवहार मात्र नियमानेच चालतो.

1950 मध्ये ते अर्थमंत्री झाले आणि 1952 मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. जानेवारी 1956 मध्येच त्यांनी राजीनामा देऊ केला होता. जुलैमध्ये तो अखेरचा ठरला. लोकस्मृतीने त्यास मराठी अस्मितेचा हुंकार मानले. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. लोकसभेतील निवेदनात त्यांचे दोन आक्षेप विशेष ठळक होते: मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळाशी विचारविनिमय न करता झाला, आणि मुंबईतील गोळीबाराची चौकशी नाकारली गेली. पंडित नेहरूंनी पहिला आक्षेप मान्य केला नाही. तरीही आक्षेपांचे स्वरूप पाहावे. ठरावाची नोंद कोठे आहे आणि हानीची तपासणी कोण करणार, हे विचारणे बँकेच्या अधिकाऱ्याचेच होय. भाषेच्या प्रश्नावर पद सोडणाऱ्या या विद्वानाची भाषा आंदोलकाची नव्हती.

हेच त्यांचे सामर्थ्य, आणि माझ्या मते हीच मर्यादा. पक्षाची बांधणी त्यांच्या स्वभावात नव्हती. 1969 मध्ये स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्याने ते राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले, तेव्हा त्यांना तिसऱ्या क्रमांकावर राहावे लागले.

1 मे 1960 रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्या वेळी उंबरगाव तालुक्यातील बरीच गावे गुजरातेत गेली. बोईसर आणि तारापूर अलीकडे राहिले.