तरोटा : एका रानभाजीचा इतिहास

मृगाचा पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले की समुद्रपूरच्या शिवारात धुऱ्यावर, पांदणीच्या कडेला आणि पडीक वावरात तरोटा उगवतो. तो कोणी पेरीत नाही की राखीत नाही. कोकणातल्या भगिनी त्यालाच टाकळा म्हणतात. स्मरणिकेत थोर स्त्रियांची चरित्रे येतात, तशी ती यावीतच. परंतु घरातले धान्य सरत आले असता ज्या भाजीने आपल्या आज्या-पणज्यांना आषाढात हात दिला, तिचेही चरित्र सांगावेसे वाटते.

संस्कृतात तिला चक्रमर्द, दद्रुघ्न, एडगज अशी नावे आहेत. चक्र म्हणजे गजकर्णाचे अंगावर उठणारे वर्तुळ. ते नाहीसे करणारा तो चक्रमर्द. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आरग्वधीय अध्याय आहे, त्यात त्वचेच्या लेपांच्या द्रव्यांमध्ये एडगज येतो. म्हणजे औषधाची चिठ्ठी नावातच लिहून ठेवलेली! स्वीडनच्या लिनियसने १७५३ मध्ये या झाडाला कॅसिया टोरा म्हटले; आता शास्त्रज्ञ सेन्ना टोरा म्हणतात. कूळ शेंगांचे, म्हणजे तूर-हरभऱ्याचे हे रानातले भावंडच.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात गजकर्णावर ‘गोवा पावडर’ विकली जाई. ती गोव्याची नव्हतीच. ब्राझीलमधील एका झाडाच्या खोडातली ती भुकटी पोर्तुगीजांच्या व्यापारातून गोव्याला येई. तिच्यातील क्रायसारोबिन हवेने पालटून जे क्रायसोफॅनिक आम्ल होते, तेच आपल्या तरोट्यातही सापडते. विशेष हे की ब्राझीलचे ते झाडही शेंगांच्याच कुळातले. समुद्र ओलांडून आलेली पूड पैसे देऊन घ्यावी आणि दारचा पाला तुडवीत जावे, असा तो काळ होता.

दारच्या पाल्याकडे पाहण्याची दृष्टी पुढे आपल्याच जिल्ह्यातून मिळाली. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले, तेव्हा १९३५ मध्ये महात्माजींनी ‘हरिजन’ पत्रात हिरव्या पाल्याच्या अन्नमूल्यावर लेख लिहिला. लोह, चुना आणि डोळ्यांना हितकर असे कॅरोटीन पालेभाज्यांतून मिळते, हे आज शाळेतली मुलगीही सांगते. तरोट्यात मात्र त्यांच्याबरोबर अँथ्राक्विनोन वर्गाची रेचक द्रव्येही असतात. म्हणून कोवळा शेंडाच खुडायचा, उकडून पाणी पिळून टाकायचे, मग कांदा-लसणावर परतायचे. ही रीत प्रयोगशाळेत ठरलेली नाही, ती चुलीपुढे ठरली.

याच कुळात एक घातकी झाड आहे, कासविंदा ऊर्फ रानटाकळा. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात पावसाळ्यानंतर दरवर्षी लहान मुले अचानक बेशुद्ध होत व त्यांतली बहुतेक दगावत. वर्षानुवर्षे तो मेंदूज्वर समजला गेला. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या बिया खाल्ल्या होत्या. त्यांच्या विषाने मेंदू, यकृत व स्नायू एकदमच बिघडत. पुढच्या संशोधनात ते विषही अँथ्राक्विनोन वर्गाचेच ठरले. एकच वर्ग, पण कोणते द्रव्य, किती आणि कोणाच्या पोटात, यावर सारे अवलंबून.

फुले दोन्हींची पिवळी, म्हणून फसगत होते. तरोट्याच्या पानाला बहुधा पानट्यांच्या तीन जोड्या, टोकाशी रुंद व गोल. शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वाकडी. बी तिरपे छाटल्यासारखे. कासविंद्याला चार-पाच जोड्या आणि पानटी टोकदार. शेंग चपटी, बी चपटे व गोलसर. दिवाळीच्या सुमारास या शेंगा वाळतात, आणि भातुकलीच्या डाळीसाठी मुले नेमक्या त्याच वेचतात. तेव्हा अंगणालगतचा कासविंदा फुलावर असतानाच मुळासकट उपटून टाकावा.