अळिवाचे रान

दिवाळी जवळ आली की आमच्या सोलापुरात अंगणाच्या कोपऱ्यात मातीचे किल्ले उभे राहतात. वर शिवाजी महाराज, बुरुजांवर मावळे, पायथ्याच्या गुहेत वाघ, आणि उतारावर अळीव पेरून उगवलेले बोटभर रान! या किल्ल्यात इतिहास आहे हे सारेच जाणतात. पण त्यात एक शाळाही दडलेली आहे, हे ध्यानात यायला मला मास्तरकीची बरीच वर्षे घालवावी लागली.

त्याचे असे झाले. तिसरीच्या वर्गाला मी सह्याद्रीतल्या सदाहरित अरण्याचा पाठ शिकवीत होतो. भिंतीवर चित्र लावले. शेकरू, धनेश ही नावे फळ्यावर लिहिली. मुलांनी ती उतरून घेतली. दुसऱ्या दिवशी विचारले, तर वर्ग चिडीचूप! दोष मुलांचा नव्हता. पावसाची वाट पाहण्यातच ज्यांचा पावसाळा सरतो, त्यांना महाबळेश्वरी दोनशे इंचांवर कोसळणारा पाऊस आणि त्यावर पोसलेले रान नुसत्या चित्रावरून कसे कळावे?

त्या सुटीत मी ताराबाई मोडकांच्या कार्याचा इतिहास पुन्हा वाचला. गिजुभाई बधेका व ताराबाई यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. मुलाने हाताने शिकावे, हे माँटेसोरीबाईंचे तत्त्व त्यांना पटले होते. परंतु त्या पद्धतीची साधने महाग. ती गरिबाच्या पोराला कोठून मिळणार? १९४५ साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तेथे शिंपले, बिया, पाने, खडे आणि माती हीच साधने झाली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. मुलाच्या पायाखाली जे आहे, तेथून शिक्षणाला आरंभ करायचा, एवढेच ते सूत्र.

परंतु कोसबाडच्या मुलांच्या दारात रान होते. आमच्या दारात काय? यंत्रमाग, चादरी आणि ज्वारीची ताटे! ठीक आहे, म्हटले, याचेच रान करू. एका मुलीने मागावरच्या सुताची गुंतवळ आणली. तिची शेकरूची झुपकेदार शेपटी झाली. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर एका फटीतून तिला चारा भरवतो, हे ऐकल्यावर मुलांनी फुटका माठ आणला, तोंडाशी माती लिंपली व बोटभर फट ठेवली. मग दिवसभर एकेक नर चोचीत शेंगदाणा धरून माठापाशी येऊ लागला! परातींत पेरलेल्या अळिवाचे अरण्य झाले. आता नावे पाठ करून घेण्याची गरजच उरली नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, ते तिकडचं झालं. आपल्या माळावर काय राहतंय मग?"

मी क्षणभर गप्पच झालो. कारण सोलापुराजवळच्या नान्नजचा माळ माळढोकासाठी प्रसिद्ध. पुरुषभर नव्हे, पण मीटरभर उंचीचा हा पक्षी. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. त्याच्यासाठी १९७९ साली येथे अभयारण्य झाले. परंतु कोठे माळ मोडून ऊस आला, कोठे विजेच्या तारा आल्या; आणि माळ म्हणजे ओसाड, निरुपयोगी जमीन असे समजून कोठे आपणच हौसेने झाडे लावली. आज साऱ्या देशात हे पक्षी दोनशेही उरलेले नाहीत, आणि नान्नजला तर त्याचे दर्शन दुर्मिळ झाले आहे. दूरच्या शेकरूची शेपटी विणणारा मी, दारच्या पाहुण्याचे नावही वर्गात काढले नव्हते!

मग मी मुलांना मारुती चितमपल्लींची गोष्ट सांगितली. १९३२ साली याच सोलापुरात जन्मलेला हा माणूस वनखात्यात हयात घालवतो, आदिवासींकडून रानाची भाषा शिकतो, मराठीला 'पक्षिकोश' देतो, २००६ साली आपल्याच गावी भरलेल्या साहित्यसंमेलनाचा अध्यक्ष होतो. आणि २०२५ च्या जूनमध्ये याच गावी डोळे मिटतो. उन्हाच्या गावातला मुलगाही रानाचा जाणता होऊ शकतो, हे ऐकून वर्ग सावरून बसला. त्या आठवड्यात मुलांनी ज्वारीच्या ताटांतले भेंड व चिपाडे घेऊन माळढोक केले. माना जरा वाकड्या होत्या, पण चाल ऐटबाज!

दिवाळीत त्यातल्याच एका मुलीच्या घरी फराळाला गेलो. अंगणात किल्ला होता. एका उतारावर अळीव दाटून उगवला होता, त्यात शेकरू. दुसरी बाजू मात्र कोरडी. थोडे वाळके गवत खोवलेले, आणि मधोमध भेंडाचा एकटा माळढोक.

"इकडे अळीव पेरायचा राहिला वाटतं?" मी विचारले.

"राहिला नाही, गुरुजी," ती म्हणाली, "हा माळ आहे. इथं झाडी केली तर तो राहील कुठं?"

मोठ्यांना जे उमगायला इतकी वर्षे लागली, ते तिने मूठभर मातीत मांडून ठेवले होते. मी मुकाट्याने पणती उचलली आणि त्या माळाच्या कडेला, पक्ष्यापासून जरा दूर, ठेवली.