चार फॉन्टांचं मशीन आणि मागे राहिलेला प्रोग्राम

तर झालं असं की, मागच्या आठवड्यात प्रबंधाच्या एका प्रकरणाची प्रिंट काढली आणि मराठी उताऱ्यांच्या जागी नुसते चौकोन आले. गंमत म्हणजे ते प्रकरण कमांड लाइनवरून होणाऱ्या छपाईच्या इतिहासावरच आहे! म्हणून आज तीच गोष्ट.

१९६४ साली एमआयटीत जेरोम सॉल्टझर यांनी ‘रनऑफ’ लिहिला. कल्पना साधी होती. मजकुरातच, ओळीच्या सुरुवातीला टिंब देऊन सूचना लिहायची: इथे जागा सोड, इथे पान बदल. म्हणजे मजकूर लिहिणं आणि तो पानावर मांडणं ही दोन कामं वेगळी झाली.

ही कल्पना पुढे बेल लॅब्जमध्ये ‘रॉफ’ या नावाने आली. तिथे युनिक्स लिहिणाऱ्या मंडळींना नवं पीडीपी-११ हवं होतं, पण ऑपरेटिंग सिस्टिमसाठी कोणी पैसे देईना. मग त्यांनी मजकूर तयार करायची व्यवस्था बनवून देतो असं सांगितलं आणि मशीन मिळवलं. १९७१ मध्ये पेटंट विभागाच्या तीन टायपिस्ट त्यावर दिवसभर अर्ज टाइप करत होत्या. युनिक्सला पहिला आधार मिळाला तो असा, ऑफिसच्या कागदांमुळे.

त्यानंतर जो ओसाना यांनी ‘ट्रॉफ’ लिहिला, तो सी/ए/टी नावाच्या फोटोटाइपसेटरसाठी. त्यात फिल्मवरच्या अक्षरातून प्रकाश जाऊन ते फोटोच्या कागदावर उमटायचं. एका वेळी चारच फॉन्ट, प्रत्येकात १०२ अक्षरं. साधा, तिरका, ठळक आणि चौथा ग्रीक व गणिती चिन्हांचा. कर्निगन आणि रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक (१९७८) याच पद्धतीने जुळवलेलं आहे.

पण ट्रॉफ या एका मशीनशी पुरता जखडलेला होता. १९७७ मध्ये ओसाना वारले. मागे राहिला तो गुंतागुंतीचा कोड, ज्याला हात लावायला लोक कचरत. १९७९ मध्ये ब्रायन कर्निगन यांनी ते काम अंगावर घेतलं. अख्खा प्रोग्राम नव्याने लिहिण्याऐवजी त्यांनी मशीनची माहिती त्यातून बाहेर काढली.

मला महत्त्वाचा वाटतो तो हाच मुद्दा. पान मांडणाऱ्या प्रोग्रामला अक्षर कसं दिसतं हे कळावं लागत नाही. ते किती रुंद आहे एवढं कळलं की ओळ कुठे तोडायची ते ठरतं. मग रुंदीचे तक्ते वेगळ्या फाइलींत ठेवले की झालं. मशीन बदललं तर तक्ता बदलायचा, प्रोग्राम तोच.

आपल्या लिपीला मात्र एवढं पुरत नाही. ‘कि’मधली वेलांटी संगणकात ‘क’नंतर साठवलेली असते, पण कागदावर आधी येते. ‘क’, हलन्त आणि ‘ष’ मिळून एकच आकृती होते. एका खुणेला एक आकार, एक रुंदी, हे गृहीतकच इथे कोसळतं. त्यामुळे देवनागरीला अक्षरं जुळवणारा आणखी एक टप्पा लागतो, आणि तोही फॉन्टमधले नियम वाचणारा.

माझ्या चौकोनांचं कारण मात्र त्याहून साधं निघालं. ‘एफसी-लिस्ट’ला मराठीचे फॉन्ट विचारले, तर यादी रिकामी! छापणाऱ्या संगणकावर देवनागरी फॉन्टच नव्हता. तो टाकला, प्रिंट नीट आली. प्रकरणात मात्र आता एक परिच्छेद वाढलाय.