मुतालिकाच्या हाती शिक्का : प्रॉक्सी आणि रिफ्लेक्शनचा इतिहास

१/ मराठी राज्यात बड्या हुद्देदाराच्या वतीने कारभार पाहणाऱ्यास मुतालिक म्हणत. धनी गैरहजर असला तरी मुतालिकामार्फत काम चाले. राजाराम महाराजांनी जिंजी येथे प्रल्हाद निराजींसाठी ‘प्रतिनिधी’ हे पदच निर्माण केले. पुढे या प्रतिनिधींनाही मुतालिक लाभले. १७५० मध्ये सांगोल्यास बंड करणारा यमाजी शिवदेव हा त्यांच्यापैकीच. धनी आणि मुतालिक यांतील हे अंतर संगणकाच्या जगातही पुढे कळीचे ठरले.

२/ १९८२ मध्ये ब्रायन कॅन्टवेल स्मिथ यांनी एमआयटीतील आपल्या प्रबंधात एक कल्पना मांडली : प्रोग्रॅमने चालता चालता स्वतःकडेच पाहावे आणि स्वतःच्या वागण्यात बदल करावा. हेच रिफ्लेक्शन. १९८७ मध्ये पॅटी मेस यांनी ते ऑब्जेक्टच्या जगात कसे आणावे, हे दाखवून दिले.

३/ दुसरा प्रवाह स्मॉलटॉक-८० या भाषेतला. ऑब्जेक्टला न समजणारा निरोप आला की तो एका ठरावीक मेथडकडे सोपवला जाई. मग कोणी असा ऑब्जेक्ट घडवला की ज्याला जवळजवळ काहीच समजत नाही, तर? आलेला प्रत्येक निरोप अडवता येतो, नोंदवता येतो आणि खऱ्या धन्याकडे पोचवता येतो. १९८६ मध्ये जेफ्री पास्को यांनी या तंत्रावर निबंध लिहिला. १९९४ च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथात ‘प्रॉक्सी’ला स्वतंत्र स्थान मिळाले.

४/ जावा भाषेत दोन्ही प्रवाह एकत्र आले. १९९७ च्या १.१ आवृत्तीत रिफ्लेक्शन आले : मेथड नावाने शोधावी आणि ‘इन्व्होक’ने चालवावी. २००० च्या १.३ आवृत्तीत प्रोग्रॅम चालू असतानाच प्रॉक्सी घडवण्याची सोय झाली.

५/ याची गरज काय? समजा, हिंगोली जिल्ह्यातील हट्टा येथील एक शेतकरी बियाण्याच्या दुकानदाराच्या खात्यावर ५,००० रुपये पाठवतो. एका खात्यातून वजावट, दुसऱ्यात जमा. दोन्ही व्हावे, नाहीतर एकही होऊ नये. ही हमी देण्याचे काम स्प्रिंगसारख्या चौकटीत प्रॉक्सी करते. ती व्यवहार उघडते, खऱ्या ऑब्जेक्टकडून काम करवते आणि बिघाड झाल्यास सारे मागे फिरवते.

६/ पहिला पेच येथेच पडतो. जावाची मूळ प्रॉक्सी केवळ इंटरफेसचे, म्हणजे हुद्द्याचे, रूप घेते. खऱ्या क्लासशी तिचे नाते नसते. त्या क्लासमधून काढलेली मेथड प्रॉक्सीवर चालवू गेल्यास जावा स्पष्ट नकार देते : हा ऑब्जेक्ट त्या क्लासचा नव्हे. तीच मेथड इंटरफेसमधून घेतली, तर काम बिनबोभाट होते.

७/ दुसरा पेच अधिक फसवा. सीजीलिबसारखे साधन खऱ्या क्लासचा उपक्लास रचून प्रॉक्सी बनवते. सार्वजनिक मेथड त्यात अडवली जाते. खासगी किंवा ‘फायनल’ मेथडवर मात्र उपक्लासची सत्ता चालत नाही. ती थेट प्रॉक्सीच्याच अंगावर चालते, आणि प्रॉक्सीची स्वतःची फील्ड्स पुष्कळदा रिकामी असतात. शिक्का आहे, पण खजिना नाही.

८/ तिसरा पेच चुकीच्या निरोपाचा. रिफ्लेक्शनने चालवलेल्या मेथडमध्ये बिघाड झाला, तर मूळ अपवाद दुसऱ्या अपवादाच्या पाकिटात बंद होऊन येतो. प्रॉक्सीच्या हँडलरने ते पाकीट फोडून आतला अपवाद पुढे द्यावा लागतो. अन्यथा वरच्या थराला बिघाडाचे खरे कारणच ओळखता येत नाही.

९/ या अडचणींना कंटाळून काही जण प्रॉक्सीच्या आतला खरा ऑब्जेक्ट बाहेर काढतात आणि मेथड थेट त्याच्यावर चालवतात. नकार मिळत नाही, फील्ड्सही भरलेली असतात. पण व्यवहार उघडणारा मुतालिक वाटेतून दूर झालेला असतो. वजावट झाली आणि जमा होण्यापूर्वी बिघाड झाला, तर हट्ट्याच्या शेतकऱ्याचे ५,००० रुपये ना त्याच्या खात्यात, ना दुकानदाराच्या.

१०/ म्हणून मेथड इंटरफेसमधून घ्यावी आणि ती प्रॉक्सीवरच चालवावी, हाच रूढ मार्ग आहे. खरा ऑब्जेक्ट बाहेर काढावा तो तपासणीपुरता; पैशाचा हुकूम द्यायचा असेल, तर तो मुतालिकाच्याच हाती द्यावा.