झोंपाळू माणसाचा गळा

डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’चे हप्ते १८३६-३७ सालीं निघत होते. त्यांत जो नांवाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे. तो उभ्याउभ्या झोंपतो, दार ठोठावतां ठोठावतां झोंपतो, आणि जागा असला म्हणजे खातो. वर्गांत हे प्रसंग वाचले कीं मुलें खदखदून हंसतात. आमच्याकडे अशा मनुष्यास कुंभकर्ण म्हणतात व तेवढ्यावर त्याची वासलात लागते. झोंपाळूपणा हा शीलाचा दोष समजण्याची ही संवय शास्त्रानें दोनदां खोटी पाडली, आणि दोन्ही वेळां मूळ सांपडलें तें गळ्यांत.

पहिलें मूळ थायरॉइड ग्रंथीचें. ही ग्रंथि श्वासनलिकेच्या पुढें फुलपांखराप्रमाणें पसरलेली असते. १८७३ सालीं लंडनच्या सर विल्यम गल यांनीं कांहीं प्रौढ स्त्रियांची अवस्था वर्णिली: चेहरा सुजट, जीभ रुंद व जाड, मन व शरीर दोन्ही मंद. १८७८ सालीं ऑर्ड यांनीं तिला ‘मिक्सीडिमा’ हें नांव दिलें. कारण उमगलें तें स्वित्झर्लंडमध्यें, व तेंही अनर्थांतून. बर्नचे शस्त्रवैद्य थिओडोर कोखर हे गलगंडावर उपाय म्हणून कित्येकांची ग्रंथि समूळ काढून टाकीत. पुढें अशा अठरा रोग्यांस त्यांनीं पुन्हां तपासलें, तों सोळा जण मंद व सुजट झालेले आढळले. आणि हें त्यांनीं १८८३ सालीं स्वतःच जाहीर केलें. त्यांस १९०९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आम्हांस तर त्यांचा हा प्रामाणिकपणाच अधिक मोलाचा वाटतो. १८९१ सालीं न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनीं मेंढीच्या ग्रंथीचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईस टोंचला. ती बाई पुढें २८ वर्षें जगली, आणि तेवढ्यासाठीं आठशेंहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या.

दुसऱ्या मुळास फार उशीर लागला, कारण रोग्यास झोंपेंत कोणी तपासीतच नव्हतें. १९५६ सालीं बॉस्टनच्या बर्वेल व सहकाऱ्यांनीं एका लठ्ठ गृहस्थाची हकीकत छापली. पत्त्यांच्या डावांत तीन एक्के व दोन बादशहा हातीं आले असतांही हे गृहस्थ झोंपी गेले! त्या विकारास त्यांनीं ‘पिकविक’चें नांव दिलें, परंतु दोष लठ्ठपणामुळें उथळ झालेल्या श्वासावर ठेविला. १९६५ सालीं फ्रान्स व जर्मनी येथील संशोधकांनीं असल्या रोग्यांच्या झोंपेची यंत्रानें नोंद घेतली, तेव्हां दिसलें कीं श्वास वारंवार थांबतो व मेंदूस क्षणभर जागें व्हावें लागतें. रात्रभर असें चालल्यावर मनुष्य दिवसां पेंगेल नाहीं तर काय करील?

रक्तदाबाचा धागा येथें येऊन मिळतो. दंडास पट्टा बांधून दाब मोजण्याची रीवा-रॉची यांची युक्ति १८९६ ची. गल यांच्या हातीं ती नव्हती. बोलोन्याच्या लुगारेझी व सहकाऱ्यांनीं १९७० नंतरच्या वर्षांत दाखविलें कीं, प्रत्येक अडलेल्या श्वासाबरोबर रक्तदाब उसळतो. अशा कित्येकांचा तो पुढें दिवसांही चढा राहतो. थायरॉइड मंदावली तरी रक्तवाहिन्या आवळून दाब, विशेषतः खालचा आंकडा, वाढूं शकतो. शिवाय जीभ सुजते, घशाचे स्नायू दुबळे होतात, आणि श्वास अडूं लागतो. म्हणजे गल यांनीं वर्णिलेली ती जाड जीभ दोन्ही मुळें जोडणारी निघाली.

तथापि घोरणाऱ्या बहुतेकांची ग्रंथि शाबूतच असते. मरे यांच्या यशानंतर लठ्ठपणा उतरविण्याकरितां हा अर्क निरोगी ग्रंथीच्या माणसांसही देण्यांत येऊं लागला, व त्यांतून हृदयास अपाय होऊं शकतो. म्हणून रक्ताची एक साधी तपासणी आधीं व्हावी. उणीव सांपडल्यास थायरॉक्सिननें दाब उतरतो, व कित्येकदां घोरणेंही कमी होतें. इतरांसाठीं सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनीं १९८१ सालीं निराळीच वाट दाखविली: नाकावाटे किंचित् दाबानें हवा सोडून त्यांनीं पांच रोग्यांचा घसा रात्रभर उघडा ठेविला.