बाप्तिस्मा : पाणी किती हवं?

मराठी बायबल उघडलं की ‘बाप्तिस्मा’ हा ग्रीक शब्द जवळपास जसाच्या तसा भेटतो. त्याचं मूळ घर रंगाऱ्याचं. ‘बाप्तो’ म्हणजे बुचकळणं, कापड रंगात बुडवून काढणं. त्यातूनच आलेलं ‘बाप्तिझो’ म्हणजे पुरतं बुडवणं. ग्रीक इतिहासकार बुडालेल्या जहाजांसाठीही हेच क्रियापद वापरत.

पाण्याने शुद्ध होण्याची रीत ज्यूंकडे आधीपासून होतीच. ‘मिकवे’ नावाच्या कुंडात पायऱ्यांनी उतरून माणूस स्वतःच डुबकी घेई, तीही गरज पडेल तितक्यांदा. यार्देन नदीवर मात्र लोक पापांची कबुली देऊन योहान नावाच्या संदेष्ट्याच्या हातून बाप्तिस्मा घेऊ लागले; येशूनेही तिथेच घेतला. पुढे प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात त्याचा अर्थ फार खोल नेला. पाण्यात जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणं, पुरलं जाणं आणि मग नव्या जिण्यात पाऊल टाकणं.

पण नदी गावोगावी कुठून असणार?

‘दिदाखे’ ही आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींची छोटी पुस्तिका हा पेच मोठ्या मायेने सोडवते. वाहतं पाणी असावं. नसेल तर दुसरं चालेल. थंड जमत नसेल तर कोमट घ्यावं. तेवढंही नसेल तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने डोक्यावर तीनदा पाणी ओतावं. आज बाळाच्या डोक्यावर ओततात त्या ओंजळभर पाण्याला इतका जुना आधार आहे.

सीरियातल्या दुरा-युरोपोस इथे इ.स. २४०च्या सुमारास ख्रिस्ती लोकांनी एका राहत्या घरातच प्रार्थनास्थळ केलं. एका खोलीत बाप्तिस्म्याची टाकी. तिच्यावर कमानीचं छत, आतून निळं, त्यावर चांदण्या रंगवलेल्या. मागच्या भिंतीवर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ. इ.स. २५६च्या सुमारास शत्रू चालून आला, तेव्हा तटाला बळकटी म्हणून लगतची घरं मातीने भरून टाकली. त्या मातीनेच ही चित्रं जपली.

सुरुवातीला बाप्तिस्मा घेणारे बहुतांशी प्रौढ असत. पुढे तान्ह्या बाळांना तो देण्याचा रिवाज पडला. झुरिकमध्ये २१ जानेवारी १५२५ रोजी काही जणांनी तो रिवाज मोडून, जाणत्या वयात, स्वतःच्या विश्वासाने पुन्हा बाप्तिस्मा घेतला. नगरपरिषदेने अशांना शिक्षाही पाण्याचीच ठरवली, याइतकं क्रूर या इतिहासात क्वचितच काही असेल. ५ जानेवारी १५२७ रोजी त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला हातपाय बांधून लिमाट नदीत बुडवून मारलं. तिच्या काठावर २००४ मध्ये त्याची आणि त्याच्यासारख्या इतरांची स्मृतिशिला बसवली गेली.